आर्सेनिकच्या मातीत औषधी मूळ: सान्चीच्या शेतावरील माती-सुधार प्रयोग कोणत्या क्रमाने करावा

चीनमधील माती-सुधाराचे शोधनिबंध वाचून त्याच धर्तीवर प्रयोग आखणारे विद्यार्थी बहुतेक वेळा उपायापासून सुरुवात करतात. बायोचार (हवेअभावी भाजलेला काडीकचऱ्याचा कोळसा) किंवा चुना आधी मातीत मिसळला जातो, आणि माती नेमकी कशाने बिघडली आहे हा प्रश्न अहवाल लिहिताना आठवतो. दुसरी चूक शेवटाकडे होते: मातीतील धातूचे प्रमाण घटले की प्रयोग यशस्वी ठरवला जातो. औषधी पिकाच्या बाबतीत रुग्णाच्या पोटात मूळ जाते, माती जात नाही. त्यामुळे निकाल मुळावरच लागला पाहिजे.

पुढील सर्व टप्पे एकाच उदाहरणाभोवती मांडले आहेत. चीनच्या युन्नान प्रांतातील वेनशान भागात सान्ची, म्हणजे पॅनॅक्स नोटोजिन्सेंग, हे रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाणारे मूळ सावलीच्या जाळीखाली पिकवले जाते. पहिले वर्ष रोपवाटिकेत जाते, मग पुनर्लागण होते आणि पेरणीपासून साधारण तिसऱ्या वर्षी काढणी होते. तेथील काही शेतांत खडकातून आणि खाणकामातून आलेले आर्सेनिक आहे. शिवाय एकदा सान्ची घेतलेल्या जमिनीत ती लगेच पुन्हा घेतली, तर मूळकुजीने रोपे मरतात. एकाच शेताचे हे दोन आजार आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला बाधू शकते. बहुतेक आराखडे याच ठिकाणी फसतात.

टप्पा १: बिघाड कोणता आणि मोजपट्टी कोणती, हे आधी लिहून काढणे

शेतात जाण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: संशयित धातू, पिकाचा औषधी भाग, आणि कोणत्या मर्यादेशी तुलना करायची ती मर्यादा. तिसरी गोष्ट सोपी वाटते, पण सर्वाधिक घोळ तिथेच होतो.

शेतजमिनीसाठी चीनचे सध्याचे मानक जीबी १५६१८-२०१८ हे आहे. त्याने १९९५ च्या मानकाची जागा घेतली, तरी जुन्या मानकातील तीन श्रेणी आजही प्रबंधांत उद्धृत होताना दिसतात. नव्या मानकात आर्सेनिक, कॅडमियम, शिसे, पारा आणि क्रोमियम यांसाठी दोन आकडे आहेत. पहिला छाननीचा: त्याच्या खाली धोका सामान्यतः दुर्लक्षणीय मानला जातो. दुसरा नियंत्रणाचा: त्याच्या वर कडक उपाय लागतात. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातच माती-सुधाराच्या प्रयोगाला खरा अर्थ असतो. भातखाचरे सोडून इतर शेतजमिनीत आर्सेनिकची छाननी-मर्यादा पीएच ६.५ पर्यंत किलोला ४० मिलिग्रॅम, ६.५ ते ७.५ दरम्यान ३० आणि त्यापुढे २५ आहे. नियंत्रण-मर्यादा पीएचच्या चार चढत्या पट्ट्यांत २००, १५०, १२० आणि १०० अशी उतरते. कॅडमियमची छाननी-मर्यादा पीएच ७.५ पर्यंत ०.३ आणि त्यापुढे ०.६ आहे.

मुळाची मोजपट्टी वेगळी. चिनी औषधकोशाच्या २०२० च्या आवृत्तीत वनस्पतिजन्य औषधांसाठी किलोमागे शिसे ५, कॅडमियम १, आर्सेनिक २, पारा ०.२ आणि तांबे २० मिलिग्रॅम अशा मर्यादा दिल्या आहेत. २०२५ ची आवृत्ती आता लागू झाली असल्याने आकडा उतरवण्यापूर्वी आवृत्ती तपासावी. भारतात आयुर्वेदिक औषधांसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३ आणि पारा १ या मर्यादा आहेत. किलोला ०.६ मिलिग्रॅम कॅडमियम असलेले मूळ त्या चिनी मर्यादेत बसेल आणि आपल्या मर्यादेत नापास होईल. म्हणून ‘मर्यादेच्या आत’ असे मोघम लिहू नये; कोणत्या देशाची आणि कोणत्या वर्षाची मर्यादा, हे प्रत्येक तक्त्याच्या मथळ्यातच द्यावे.

*इशारा:* मातीची मर्यादा पीएचनुसार बदलते, हे चुना टाकणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. किलोला ३५ मिलिग्रॅम आर्सेनिक असलेली, ६.२ पीएचची माती छाननीत पास होते. चुना टाकून पीएच ६.८ झाला की मर्यादा ३० वर येते आणि तीच माती, आर्सेनिकचा एक कणही न वाढता, कागदावर नापास ठरते. सुधारापूर्वीचा व नंतरचा पीएच दोन्ही नोंदवले नाहीत, तर हा गोंधळ वाचकाला उलगडता येत नाही.

टप्पा २: माती आणि मूळ यांचे जोडनमुने

मातीचे नमुने एका दिवशी शेतभर फिरून घेतले आणि मुळे नंतर काढणीच्या ढिगातून उचलली, तर त्या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध लावता येत नाही. डोंगराळ, खाणीच्या शेजारच्या शेतात दहा पावलांवर आर्सेनिकचे प्रमाण बदललेले असू शकते. जे झाड उपटले त्याच्याच मुळांभोवतीची माती त्याच वेळी घ्यावी आणि दोन्ही पिशव्यांवर एकच क्रमांक टाकावा.

१. शेताचे उतार, पाण्याचा मार्ग आणि मागील पिके पाहून एकसारखे भाग पाडावेत. वरचा व खालचा उतार एकत्र करू नये.
२. प्रत्येक भागात किमान पाच ठिकाणी ० ते २० सेंटिमीटर खोलीची माती घेऊन मिसळावी. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि सुमारे एक किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे, ही नेहमीचीच पद्धत.
३. लाकडी किंवा बांबूचे हत्यार आणि स्वच्छ पॉलिथिन पिशवी वापरावी. जस्ताचा मुलामा दिलेले फावडे, रंग उडालेले गिरमिट आणि खताची जुनी गोणी यांतून नमुन्यात बाहेरचा धातू येतो.
४. एक-दोन ठिकाणी २० ते ४० आणि ४० ते ६० सेंटिमीटर खोलीचे नमुनेही घ्यावेत. आर्सेनिक खोलवरही तेवढेच असेल तर ते बहुधा खडकातून आलेले असते. अशा जागी वरचा थर बदलून फारसे साधत नाही.
५. सिंचनाचे पाणी आणि वापरातील शेणखत व खते यांचेही नमुने घ्यावेत. दूषण अजून चालूच असेल, तर माती सुधारणे म्हणजे भोक पडलेल्या रांजणात पाणी भरणे.

सान्चीचे मूळ एकजिनसी नसते. मुख्य मूळ, त्याच्या माथ्याचा गाठाळ भाग, जाड उपमुळे आणि तंतुमुळे बाजारातही वेगवेगळी विकली जातात. ती एकत्र दळून काढलेला एकच आकडा कोणत्याच विकल्या जाणाऱ्या मालाचा नसतो. प्रत्येक भाग वेगळा करावा, त्याचे ओले व सुके वजन नोंदवावे. काढणीचा हंगामही लिहावा, कारण बी धरण्यापूर्वी काढलेली आणि बी घेतल्यानंतर काढलेली सान्ची हे दोन निराळे माल आहेत.

*तपासणी:* प्रत्येक मूळ-नमुन्याला त्याचा माती-नमुना आहे का? पीएच, सेंद्रिय कर्ब, लोह आणि उपलब्ध स्फुरद यांसाठी माती पुरेशी उरली आहे का? नसेल तर याच वेळी पुन्हा शेतात जावे.

टप्पा ३: प्रयोगशाळेतील तयारी आणि मोजणी

माती सावलीत वाळवावी. पीएचसाठी २ मिलिमीटरच्या आणि एकूण धातूसाठी ०.१५ मिलिमीटरच्या नायलॉन चाळणीतून ती काढावी. पितळी चाळणी वापरू नये. चिनी पद्धतीत पीएच एक भाग मातीला अडीच भाग पाणी घेऊन मोजतात, त्यामुळे तुलना करायची असेल तर हेच प्रमाण ठेवावे.

मूळ आधी नळाच्या आणि शेवटी शुद्ध पाण्याने धुवावे. सालीच्या सुरकुत्यांत अडकलेली माती हा चुकीच्या आकड्यांचा मोठा स्रोत आहे. किलोला १०० मिलिग्रॅम आर्सेनिक असलेली माती मुळाला वजनाच्या अवघा १ टक्का चिकटून राहिली, तर किलोमागे १ मिलिग्रॅमची भर पडते, म्हणजे औषधकोशाची निम्मी मर्यादा नुसत्या चिखलानेच भरली.

आर्सेनिक मोजताना आम्ल निवडण्यात हमखास चूक होते. आयसीपी-एमएस (आयनांचे वस्तुमान मोजून मूलद्रव्ये ओळखणारे) यंत्रात आर्सेनिक ७५ या वस्तुमानावर मोजले जाते. द्रावणात क्लोरीन असेल तर वाहक वायू अरगॉन आणि क्लोरीन यांचा संयुक्त आयन त्याच वस्तुमानावर येतो आणि नसलेले आर्सेनिक दिसू लागते. म्हणून मुळाचे पाचन बंद भांड्यात, सूक्ष्मलहरी भट्टीत, नायट्रिक आम्लाने करावे. मातीसाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरावेच लागले, तर यंत्राच्या टक्कर-कक्षात हेलियम सोडून मोजणी करावी आणि अहवालात तसे लिहावे. उघड्या हॉटप्लेटवर हायड्रोक्लोरिक आम्लात तापवत राहिल्यास काही आर्सेनिक वाफेबरोबर निघून जाते, आणि पाऱ्याचा तर भरवसाच नसतो.

एकूण प्रमाणाबरोबर उपलब्ध अंश मोजणे अनिवार्य समजावे. स्थिरीकरणाच्या उपायात, म्हणजे धातू मातीतच जखडून ठेवताना, एकूण धातू तेवढाच राहतो. बदलतो तो झाडाला मिळणारा अंश. कॅडमियमसाठी सौम्य कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण किंवा डीटीपीए (धनभारित धातूंना पकडणारे रसायन) चालते. आर्सेनिक मात्र ऋणभारित रूपात असते, त्याला डीटीपीए लागू पडत नाही. त्यासाठी फॉस्फेटयुक्त द्रावणाने काढलेला अंश अधिक बोलका असतो. कॅडमियमसाठी आखलेली पद्धत आर्सेनिकला जशीच्या तशी लावलेले प्रबंध मी पाहिले आहेत, आणि त्यांतील आलेख कितीही देखणे असले तरी त्यांचे काही करता येत नाही.

*तपासणी:* प्रत्येक तुकडीत कोरा नमुना (माती वा मूळ न घालता केलेला), दुबार नमुना आणि प्रमाणित संदर्भ-नमुना (ज्यातील धातूचे प्रमाण आधीच ठाऊक आहे असा) हवा. मातीसाठी मातीचा आणि मुळासाठी वनस्पतीचा, असे दोन संदर्भ-नमुने लागतात. त्यांचे आकडे जुळेपर्यंत पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा ४: किती धातू काढायचा आहे याचा हिशेब

हा टप्पा अर्ध्या पानाचा आहे, पण तो गाळला की तीन वर्षांचा प्रकल्प वाया जाऊ शकतो.

एक हेक्टर, २० सेंटिमीटर खोली आणि घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम घनता धरली तर माती २६ लाख किलो होते. आर्सेनिक किलोला ६० वरून ४० मिलिग्रॅमवर आणायचे असेल, तर ५२ किलो आर्सेनिक शेताबाहेर न्यावे लागेल. समजा, हे काम आर्सेनिक शोषणाऱ्या नेच्याकडून (टप्पा ५ पाहा) करून घ्यायचे आहे. नेच्याच्या सुक्या पानांत किलोला १,००० मिलिग्रॅम आर्सेनिक आणि हेक्टरी वर्षाला ५ टन सुका पाला मिळतो असे गृहीत धरा. वर्षाला ५ किलो निघाले, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ. शिवाय सहज मिळणारा अंश आधी संपतो आणि पुढच्या वर्षांत वेग मंदावतो.

हिशेब दहा वर्षे सांगत असेल आणि अनुदान तीन वर्षांचे असेल, तर ध्येय बदलावे. ‘एकूण आर्सेनिक मर्यादेत आणणे’ हे सोडून ‘मुळातील आर्सेनिक २ मिलिग्रॅमच्या खाली ठेवणे’ असे लिहावे. ते प्रामाणिक आहे आणि बहुधा साध्यही.

टप्पा ५: उपायाची निवड

आर्सेनिक आणि कॅडमियम यांचा स्वभाव जवळजवळ उलटा आहे. चुन्याने पीएच वाढवला की कॅडमियम मातीच्या कणांना घट्ट धरून बसते, पण आर्सेनिक त्याच बदलाने सुटे होऊ लागते. माती पाण्याखाली ठेवली तर कॅडमियम सहसा जखडले जाते. आर्सेनिकला धरून ठेवणारी लोहाची ऑक्साइडे मात्र हवेअभावी विरघळतात आणि आर्सेनिक अधिक विषारी, अधिक चंचल रूपात पाण्यात उतरते. स्फुरदाची गोष्ट दुधारी आहे: फॉस्फेट (स्फुरदाचे मातीतील रूप) आणि आर्सेनेट (आर्सेनिकचे तसेच रूप) यांची रचना सारखी असल्याने मुळाच्या दारात फॉस्फेट आर्सेनेटला अडवते, पण मातीच्या कणांवरून तेच त्याला ढकलून मोकळेही करते. दोनपैकी कोणता परिणाम भारी पडेल हे त्या मातीवर ठरते, म्हणून स्फुरदाच्या निदान तीन मात्रा तपासल्याशिवाय शिफारस करू नये.

सिच्वान प्रांतात छ्वानश्योंग या औषधी मुळात अडचण कॅडमियमची असते. तिथे उपयोगी पडलेला चुन्याचा उपाय वेनशानच्या आर्सेनिकवर डोळे झाकून लावणे म्हणजे तापाचे औषध खरजेवर चोळणे. दोन्ही धातू एकत्र असतील तर लोहयुक्त सुधारके पीएच फारसा न हलवता वापरणे, हा मला सर्वांत कमी धोक्याचा आरंभ वाटतो.

आता सान्चीच्या दुसऱ्या आजाराकडे. मूळकुज घडवणाऱ्या बुरशी आणि मुळांतून पाझरून साठलेली द्रव्ये यांवर चीनमध्ये वापरला जाणारा एक उपाय असा: मातीत ताजा पालापाचोळा किंवा भुसा मिसळायचा, भरपूर पाणी द्यायचे आणि प्लास्टिकने झाकून हवा तोडायची. हवेविना चालणाऱ्या कुजण्यात रोगकारक बुरशी मरतात. रोगासाठी हा उपाय चांगलाच आहे. पण आर्सेनिकच्या शेतात हीच प्रक्रिया लोहाची ऑक्साइडे विरघळवते आणि इतकी वर्षे जखडून राहिलेले आर्सेनिक सोडून देते. रोगावर काम करणारे आणि धातूवर काम करणारे संशोधक बहुधा वेगवेगळ्या विभागांत बसतात, त्यामुळे ही टक्कर आराखड्यात आधी दिसत नाही.

*इशारा:* हवाबंद निर्जंतुकीकरण करायचेच असेल, तर आधी त्याच मातीची छोट्या बरणीत चाचणी घ्यावी आणि झिरपणाऱ्या पाण्यातील आर्सेनिक दर आठवड्याला मोजावे. प्लास्टिक काढल्यावर माती उलटीपालटी करून पुरेशी हवा खेळू द्यावी. लोह पुन्हा ऑक्साइडच्या रूपात बसले आणि पाण्यातील आर्सेनिक खाली आले, हे मोजून पाहिल्याखेरीज लागण करू नये.

धातू शोषणाऱ्या वनस्पतींचा उपाय या पिकाला एका कारणाने विशेष जुळतो. टेरिस व्हिटाटा हा नेचा पानांत प्रचंड आर्सेनिक साठवतो, हे २००१ मध्ये फ्लोरिडातील संशोधनातून जगापुढे आले; त्याच सुमारास चिनी संशोधक छन तोंगबिन यांच्या गटाने हूनान प्रांतातील छनचोउ येथे त्याची शेतावर लागवड सुरू केली. (हा नेचा आपल्याकडेही जुन्या विहिरींच्या चिऱ्यांत आणि चुन्याच्या भिंतींत उगवतो.) सान्चीची जमीन मूळकुजीमुळे तशीही अनेक वर्षे रिकामी ठेवावी लागते. ती विश्रांतीची वर्षे नेच्याला द्यावीत. टप्पा ४ मधील दहा वर्षांचा हिशेब इथे एकदम व्यवहार्य वाटू लागतो. मात्र वेनशानकडची तांबडी माती आम्लधर्मी असते आणि या नेच्याला चुन्याची जमीन मानवते, म्हणून रोपे जगतात का हे आधी छोट्या वाफ्यावर पाहावे.

टप्पा ६: आधी कुंडी, मग शेत

कुंडीतील प्रयोग उपायांची छाननी करण्यापुरताच असतो. एक वर्षाची निरोगी, एकसारख्या वजनाची रोपे घ्यावीत. प्रत्येक उपाय किमान चार स्वतंत्र कुंड्यांत करावा. कुंड्यांच्या जागा चिठ्ठी टाकून ठरवाव्यात आणि सावलीचे प्रमाण सर्वत्र सारखे राहील असे पाहावे.

स्वच्छ मातीत सोडियम आर्सेनेट ओतून दुसऱ्या दिवशी लागण करणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. ताजे मिसळलेले आर्सेनिक शेतातील जुन्या आर्सेनिकपेक्षा कितीतरी सहज उपलब्ध असते, त्यामुळे कोणताही उपाय तिथे चमत्कारी दिसतो. शक्यतो दूषित शेतातीलच माती वापरावी. तसे शक्य नसेल तर मिसळलेली माती आलटून पालटून ओली-कोरडी करत काही महिने मुरू द्यावी.

कुंडीत उत्तम ठरलेले दोन, फार तर तीन उपाय शेतात न्यावेत. वाफ्यांमध्ये मोकळी पट्टी सोडावी आणि उतारावर वरच्या वाफ्याचे पाणी खालच्यात येणार नाही असे चर काढावेत. शेतातील चाचणी पीक तयार होईपर्यंत चालली पाहिजे. पहिल्या वर्षाच्या रोपांवरून तिसऱ्या वर्षाच्या मुळाविषयी निष्कर्ष काढू नये. स्थिरीकरणाचा परिणाम पाऊस-पाण्याने ओसरतो, आणि नेमका तोच काळ मोजायचा असतो.

टप्पा ७: काढणीनंतर दुहेरी निकाल

मुळातील आर्सेनिक कमी आले तरी निकाल अर्धाच झाला. चिनी औषधकोशानुसार सान्चीत नोटोजिन्सेनोसाइड आर१, जिन्सेनोसाइड आरजी१ आणि आरबी१ या तिघांची बेरीज किमान ५.० टक्के असावी लागते. ज्या सुधारकाने धातू घटतो पण या औषधी घटकांचे (सॅपोनिनांचे) प्रमाणही ५ च्या खाली जाते, तो उपाय औषधी पिकासाठी नापास समजावा.

उलट बाजूही तपासावी. खताच्या जोरावर मूळ फुगले तर धातू पातळ होतो आणि प्रमाण घटलेले दिसते, प्रत्यक्षात झाडाने शोषलेला धातू तेवढाच असतो. म्हणून प्रति किलो प्रमाणाशेजारी प्रति झाड एकूण धातूही द्यावा.

वाळवणीकडे दुर्लक्ष झाल्याने चांगले प्रयोग बिघडतात. माती वा डांबरी रस्त्यावर मुळे पसरू नयेत आणि कोळशाच्या धुरावर तर मुळीच वाळवू नयेत. शेजारच्या क्वेइचौ प्रांतात आर्सेनिकयुक्त कोळशाच्या धुरावर वाळवलेल्या मिरच्यांमधून माणसांना विषबाधा झाल्याचे सिद्ध झालेले आहे. शेतात तीन वर्षे कमावलेले तीन दिवसांच्या धुरात जाऊ शकते. प्रत्येक उपायाची काही मुळे प्रयोगशाळेतील भट्टीत आणि काही शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीने वाळवून दोन्ही मोजावीत.

टप्पा ८: शोषक वनस्पतींची विल्हेवाट

नेच्याचा कापलेला पाला हा घातक कचरा आहे. तो कंपोस्टमध्ये टाकू नये, जनावरांपुढे टाकू नये आणि बांधावर पेटवू नये, कारण जाळताना आर्सेनिकचा काही भाग हवेत जातो. झाकलेल्या, तळाला प्लास्टिक असलेल्या जागी तो वाळवावा, वजन करावे, आर्सेनिक मोजावे आणि धूर शुद्ध करण्याची सोय असलेल्या अधिकृत दहन-केंद्राकडे पावतीसह द्यावा. पावतीतील वजन आणि टप्पा ४ मधील हिशेब ताडून पाहावा. मातीतून कमी झालेला धातू पाल्यात सापडत नसेल, तर तो बहुधा खाली झिरपला आहे.

औषधी वनस्पतींच्या क्षेत्रात एक धोका जास्तीचा आहे. धातू शोषणाऱ्या काही वनस्पती स्वतःच औषधी आहेत. कॅडमियम साठवणारी म्हणून चिनी संशोधकांनी अभ्यासलेली सोलॅनम नायग्रम म्हणजे आपली कांगोणी, आयुर्वेदातील काकमाची. चिनी वैद्यकातही ती वापरतात. मँगनीज साठवणारी फायटोलॅका ॲसिनोसा हीदेखील चिनी औषधी यादीतली. प्रयोगाच्या शेतावर उभे असलेले असे पीक मजुराला किंवा व्यापाऱ्याला विकाऊ मालच वाटते. म्हणून लागवडीच्या दिवशीच स्थानिक भाषेत फलक लावावा, कापणी स्वतः हजर राहून करावी, आणि कापलेल्या पाल्याचे वजन त्याच संध्याकाळी नोंदवहीत चढवावे.